वाढत्या अंगाचं घर पिल्लाला नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत साप पाळणाऱ्यांवर छायाचित्रांचं एक पान आलं होतं. त्यातल्या एका चित्रात दीडेक मीटर लांबीची काचेची पेटी आहे. तळाला पांढरी वाळू, मधोमध एक वाळकी फांदी आणि कोपऱ्यात कॉर्न स्नेक या बिनविषारी पाळीव सापाचं नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू. खाली ओळ छापली आहे, ‘छोट्या पाहुण्याचं ऐसपैस घर’. ते चित्र मी भिंग घेऊन पाहिलं. पिल्लाने दोन काचांच्या सांध्यात नाक खुपसलं आहे आणि मान मागे आखडून घेतली आहे. अशी पिल्लं हाताखाली वाढवलेल्या माणसाला हे चित्र बघवत नाही. का बघवत नाही ते सांगायला हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर जरूर करा, फक्त मापांना हात लावू नका.

माझा व्यवसाय शिवणकामाचा. लहान मुलांचे कपडे शिवायला आलेली प्रत्येक आई एक वाक्य हमखास बोलते, ‘जरा वाढत्या अंगाचं शिवा.’ कपड्यांना ते चालतं. बाही दुमडता येते, खालची घडी पुढच्या वर्षी उसवता येते. सापाच्या पिल्लासाठी घर घेताना मात्र हाच विचार घात करतो. विकणाराही तेच सांगतो, ‘आत्ताच मोठी पेटी घ्या, पुन्हा खर्च नको.’ नऊ वर्षांपूर्वी मलाही एकाने असंच सांगितलं आणि मी ऐकलं.

ते माझं पहिलं पिल्लू. लांबी 26 सेंटिमीटर, वजन 7 ग्रॅम, म्हणजे दोरा भरलेल्या बॉबिनएवढं. त्याच्यासोबत ‘पूर्ण संच’ म्हणून मिळाली सरकत्या काचांची मोठी पेटी, एक गरम होणारा दगड आणि प्लॅस्टिकची एक वेल. पिल्लू दिवसभर काचेच्या कडेने फिरायचं. नाक घासत जायचं, कोपऱ्यात अडायचं, वळायचं आणि पुन्हा तेच. मला वाटायचं, किती चपळ आहे, खेळतंय. चार आठवडे त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. पाठीचा कणा वर दिसायला लागला. पाचव्या आठवड्यात एका सकाळी पेटी रिकामी होती.

सरकत्या दोन काचा एकमेकींवर जिथे चढतात तिथे उभी फट राहते. ती मी नंतर मोजली, चार मिलिमीटर. सापाचं पिल्लू दिसतं त्याहून चपटं होऊ शकतं. डोकं गेलं की उरलेलं अंग जातंच.

नऊ दिवस शोधलं. कपाटं हलवली, जमिनीवर पीठ भुरभुरून माग काढायचा प्रयत्न केला. दहाव्या दिवशी कॉलरसाठी बकरम कापायला गुंडाळी उलगडली, तर तिच्या मधल्या पोकळीत ते वेटोळं घालून बसलेलं. पाठ बकरमला टेकलेली, पोट बकरमला टेकलेलं. जीभ हळूहळू बाहेर काढत होतं. हात लावला तरी उसळलं नाही, फणकारलं नाही. त्या मोठ्या पेटीत मी नुसती जवळ गेले तरी अंगावर यायचं ते हेच पिल्लू.

मापं घेण्यातच माझं आयुष्य गेलेलं असल्यामुळे मला ते लगेच कळलं. त्याने आपल्या अंगाचं घर स्वतःच शोधलं होतं.

त्याच दिवशी 30 सेंटिमीटर लांब, 20 रुंद आणि 12 उंच असा प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा केला. आत चुरगळलेले कागद भरले, पुठ्ठ्याचं एक नळकांडं ठेवलं आणि पाच दिवस डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सहाव्या रात्री उंदराचं गुलाबी, केस न फुटलेलं पिल्लू कोमट करून नळकांड्याच्या तोंडाशी ठेवलं. सकाळी ते नव्हतं आणि माझ्या सापाच्या अंगावर मधोमध एक गाठ होती. त्या गाठीकडे मी किती वेळ बघत बसले असेन, सांगता येत नाही.

यामागचं कारण साधं आहे. रानात सापाचं पिल्लू सगळ्यांचं भक्ष्य असतं. पक्षी, मोठे बेडूक, इतर साप, सगळ्यांचं. बहुतेक जातींत आई अंडी घालून निघून जाते, राखायला कोणी नसतं. उघड्यावर राहिलं ते गेलं. म्हणून अंड्यातून बाहेर पडताच ते पालापाचोळ्यात, सालीखाली, मुळांच्या सांदीत शिरतं आणि जगतं ते तिथेच. चारी बाजूंनी काच असलेल्या रिकाम्या पेटीत त्याला कायम उघड्यावर असल्यासारखं होतं. भ्यालेला साप खात नाही. त्याचा स्वभावच तसा. त्याला हट्टी म्हणण्यात अर्थ नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मोठ्या पेटीतही पिल्लं नीट वाढतात, पण ती पेटी पाने, साली, नळकांडी, वेली यांनी इतकी दाट भरलेली असावी लागते की पिल्लाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला अंग न दाखवता जाता यावं. माझ्या ओळखीतल्या एक बाई अशाच वाढवतात आणि त्यांची पिल्लं उत्तम खातात. वैर मोकळ्या जागेशी आहे, मोठ्या जागेशी नाही. तरीही पहिल्यांदाच पिल्लू आणणाऱ्याला मी लहान डबाच सुचवीन. दाट भरलेल्या मोठ्या पेटीत पिल्लाने खाल्लं का, विष्ठा टाकली का, कात पूर्ण निघाली का, हे नवख्याला कळत नाही. कळतं तोवर पंधरवडा गेलेला असतो.

आता डबा कसा असावा ते सांगते. पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक कडक प्लॅस्टिकचा, दोन्ही बाजूंना घट्ट बसणाऱ्या कड्या असलेला. नुसतं दाबून बसणारं झाकण पिल्लू आतून ढकलतं. अंगाचं वेटोळं करून कोपऱ्याला रेटा देतं आणि रात्रभर देत राहतं, सात ग्रॅमचा जीव असूनसुद्धा. झाकणावर वजन ठेवून भागत नाही, कोपरा तेवढा उचलला जातो. फटी तपासायला मी 3 मिलिमीटर जाडीची विणकामाची सुई वापरते. सुई जिथे शिरते तिथून पिल्लू जाईल असं धरून चालते. डोळ्यांनी बघून ‘एवढ्याशातून कुठे जाणार’ म्हणणारे सगळे नंतर पीठ भुरभुरत बसतात.

हवेची भोकं दोन समोरासमोरच्या बाजूंना पाडावीत, प्रत्येकी दोन-अडीच मिलिमीटरची. सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने ती पाडताना टोक डब्याच्या आतून बाहेर घालायचं. वितळलेलं प्लॅस्टिक ज्या बाजूला निघतं तिथे धारदार किनार तयार होते, ती बाहेर राहिली पाहिजे. आत राहिली तर पिल्लू नाक घासून घासून ते सोलून घेतं. मी प्रत्येक भोकावरून आतल्या बाजूने बोट फिरवते आणि मग जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा फिरवते. बोटाला कळत नाही ते मोज्याला कळतं, धागा अडकला की तिथे पॉलिश पेपर मारायचा. हे काम उघड्यावर करावं आणि धुराचा वास पुरता जाईपर्यंत डबा वापरू नये.

भोकं किती पाडावीत याचा आकडा मी देत नाही, कारण ते हवेवर अवलंबून असतं. सकाळी डब्याच्या भिंतींवर पाण्याचे थेंब दिसत असतील तर भोकं कमी आहेत. कात टाकायच्या दिवसांत आत ठेवायचं ओलं शेवाळ (त्याबद्दल पुढे सांगते) एका दिवसात कोरडं पडत असेल तर जास्त झाली.

उबेबद्दल मात्र अंदाजपंचे काही चालत नाही. सापाचं शरीर स्वतः पुरेशी ऊब तयार करत नाही. खाल्लेलं पचवायला त्याला गरम जागा लागते आणि तापलं की सरकायला थंड जागा लागते. म्हणून डब्याचं एकच टोक गरम ठेवायचं. हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, डब्याच्या बाहेरून, तळाच्या एक-तृतीयांश भागाखाली ठेवावी. कॉर्न स्नेकसाठी गरम टोक 28 ते 30 अंश सेल्सिअस आणि थंड टोक 22 ते 24. बॉल पायथन या छोट्या अजगराच्या पिल्लाला गरम टोक 31-32 आणि थंड टोक 25 ते 27 लागतं. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या अंशावर ऊब रोखणारं यंत्र, नसेल तर मॅट लावूच नये. मोकळी सोडलेली मॅट चाळीसच्या पुढे सहज जाते आणि पोटाखालची जमीन भाजते आहे हे सापाला वेळेवर उमगत नाही, तो तिथेच पडून राहतो. त्या संचातला गरम दगड मी याच कारणाने टाकून दिला. लहान डबा तापायला वेळ लागत नाही, तेव्हा खिडकीतलं ऊन त्यावर दहा मिनिटंही पडू देऊ नये. आणि हाताने चाचपून ‘कोमट आहे’ असं कुणी ठरवू नये. तापमापकाचं टोक पिल्लू जिथे पोट टेकवतं तिथे असलं पाहिजे.

तापमापकाचं हे टोक जागेवर राहावं म्हणून मी एकदा जे केलं ते लिहायला जड जातं, पण लिहिते. मी ते चिकटपट्टीने तळाला चिकटवलं. दोन दिवसांत पट्टीची कड सुटली आणि दुसऱ्या खेपेच्या अंड्यांतलं एक पिल्लू तिला चिकटलं. सकाळी पाहिलं तेव्हा मानेपासून मधल्या अंगापर्यंत पट्टी बसलेली, आणि सुटायच्या धडपडीत ते आणखी गुंडाळलं गेलेलं. पिल्लाची कातडी ओल्या टिश्यू कागदाएवढी नाजूक असते, ओढलं असतं तर पट्टीबरोबर आली असती. कानात घालायच्या कापसाच्या काडीला खाण्याचं तेल लावून मी पट्टीच्या कडेला थेंब थेंब सोडलं, थांबले, तेल आत झिरपू दिलं, मग दोन मिलिमीटर सोडवलं, पुन्हा तेल. डोक्याकडून शेपटीकडे, खवले ज्या दिशेला लवतात त्या दिशेने. पाऊण तास गेला. शिलाई उसवायची सवय असलेला माझा हात त्या दिवशी थरथरत होता. पिल्लू वाचलं, दोन काती टाकेपर्यंत अंगावर फिकट पट्टा राहिला. तेव्हापासून माझ्याकडे कोणत्याही डब्याच्या आत चिकट वस्तू नाही. टोकाची तार बाहेरून भोकातून घेते आणि गाठ मारून रोखते. तुमच्या छायाचित्रातल्या पेटीत तापमापक आतल्या काचेला पारदर्शक पट्टीने चिकटवलेला दिसतो. ज्यांची ती पेटी आहे त्यांना कृपया हे कळवा. बाकी काही नाही छापलं तरी चालेल.

जमिनीला पहिले दोन महिने साधा टिश्यू पेपर घालावा. दिसायला काहीच नाही, पण त्यावर सगळं दिसतं. विष्ठा कशी आहे, उलटी झाली का, काळ्या ठिपक्यांसारखे माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे, फिरताहेत का. वाळूचा काही उपयोग नाही, ती भक्ष्याला चिकटून तोंडात जाते. देवदाराचा भुसा तर अजिबात नको, त्यातल्या वासाच्या तेलांनी सापाला त्रास होतो. मोठं झाल्यावर ॲस्पन नावाच्या झाडाचा भुसा किंवा नारळाच्या काथ्याचा चुरा घालता येतो.

लपण एक नको, दोन हवीत. एक गरम टोकाला, एक थंड टोकाला. एकच असलं तर पिल्लू ऊब सोडतं पण आडोसा सोडत नाही, आणि मग खाल्लेलं पचत नाही. लपणाचं माप म्हणजे वेटोळं घातलं की अंग तिन्ही बाजूंना टेकलं पाहिजे. मी पुठ्ठ्याची नळकांडी कापून वापरते, घाण झाली की टाकून देता येतात. पाण्याचं भांडं उथळ, जड आणि तळाशी सपाट असावं. हलकं भांडं पिल्लू खालून उचलतं, सांडवतं आणि ओल्या कागदावर रात्र काढतं.

कात टाकण्याच्या दिवसांत एक वेगळी व्यवस्था लागते. पहिली कात साधारण आठवडा-दहा दिवसांत पडते आणि बहुतेक पिल्लं त्यानंतरच खायला लागतात. तोवर अंड्यातला बलक त्यांच्या पोटात असतो, तेव्हा घाई करू नये. डोळे दुधाळ निळे झाले की एका छोट्या डबीला भोक पाडून आत ओलं करून पिळलेलं स्फॅग्नम, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ, भरते आणि ठेवून देते. हवा कोरडी राहिली तर कात तुकड्यांनी निघते. शेपटीच्या टोकाला उरलेलं कडं पुढच्या कातीबरोबर आणखी आवळतं, लहान मुलाच्या मनगटावर इलॅस्टिक रुतावं तसं. रक्त तुटतं आणि टोक गळून पडतं. म्हणून दर कातीनंतर निघालेली कात उलगडून पाहावी. दोन्ही डोळ्यांवरच्या गोल चकत्या आणि शेपटीचं टोक तिच्यात असलं पाहिजे. मी ती खिडकीशी धरते. उजेडात दोन चकत्या काचेच्या टिकल्यांसारख्या दिसतात.

एका डब्यात एकच पिल्लू. भावंडं एकत्र राहिली तर त्यांना सोबत होते ही आपली समजूत. कॉर्न स्नेकची पिल्लंसुद्धा एकमेकांना गिळल्याचे प्रकार घडतात, आणि किंग स्नेक तर जातीनेच साप खाणारा. याहून जास्त यावर लिहायची गरज नाही.

झाडावर राहणाऱ्या जातींचं माप उभं घ्यावं लागतं. ग्रीन ट्री पायथनची पिवळी किंवा विटकरी तांबडी पिल्लं आडव्या काठीवर वेटोळं लटकवून बसतात, त्यांना अंगाच्या जाडीइतक्या बारीक काठ्या लागतात. त्या जातीचा मला स्वतःचा अनुभव नाही, म्हणून एवढंच.

डबा ठेवण्याच्या जागेचंही एक सांगायचं आहे. सापाला जमिनीतली थरथर जबड्यातून कळते. माझं पहिलं पिल्लू मी मशीनच्या टेबलावर ठेवलं होतं, मला सतत दिसावं म्हणून. आठ-आठ तास मोटार त्याच्या जबड्याखाली घरघरत होती. त्याने न खाण्याचं हेही एक कारण असणार, असं मला आज वाटतं. आता डबे दुसऱ्या खोलीत भिंतीत ठोकलेल्या फळीवर आहेत.

लहान डब्याची बाजू घेते म्हणून कुणी असंही समजू नये की सापाने जन्मभर डब्यात राहावं. मोठे साप खणांत कोंबून ठेवणाऱ्यांचा मला तितकाच राग येतो. मोठ्या सापाला अंग ताणून पूर्ण लांब होता आलंच पाहिजे. कॉर्न स्नेक सव्वा ते दीड मीटर होतो आणि वीसेक वर्षं जगतो. डबा बदलायची वेळ मी अशी ओळखते. डब्याच्या लांब आणि आखूड भिंतीला लागून टेप फिरवते आणि पिल्लाची लांबी त्या दोन्हींच्या बेरजेइतकी झाली की पुढचं माप आणते. नव्या घरात जुन्याच घराचं नळकांडं आणि थोडा वापरलेला कागद टाकते, म्हणजे वास ओळखीचा राहतो. अशी तीन घरं होतात. शिवणकामाच्या भाषेत सांगायचं तर तीन वेळा नवं शिवावं लागतं, घडी उसवून भागत नाही.

हे सगळं पाळीव सापांच्या पोटी जन्मलेल्या पिल्लांबद्दल आहे. अंगणात किंवा वाटेत दिसलेल्या पिल्लाला डबा नको, तापमापक नको. त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावं, आणि अडचणीच्या जागी असेल तर जाणकाराला बोलवावं. पाळण्याबद्दल आपल्या भागातला कायदा काय म्हणतो तेही पिल्लू आणण्याआधी विचारावं, नंतर नव्हे.

संपादक महोदय, आपलं पान पाहून कितीतरी घरांत आई-बाप मुलांच्या हट्टापायी अशीच पेटी मागवतील. ‘ऐसपैस’ या एका शब्दाने पुष्कळ नुकसान होऊ शकतं. म्हणून पुढच्या रविवारी त्याच जागी एक छोटं चित्र छापावं अशी विनंती आहे. पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून फक्त नाकाचं टोक बाहेर काढून बसलेलं पिल्लू. चित्र हवं असल्यास मी पाठवते. सध्या फळीवर सहा डबे आहेत. त्यातल्या तिसऱ्याचे डोळे कालपासून निळे झाले आहेत, त्याचं शेवाळ भिजत घातलं आहे. ते पिळायला आता उठते.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक